निरंक

त्या वहीला तीन रंगांची पानं असतात:
पांढरी रोजच्या खर्चाला, गुलाबी रोखीला, पिवळी बँकेला.
तिन्ही मी भरायचो.
अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी मला बसवलं होतं
नारायण पेठेतल्या एका पोटमाळ्यावर.
खाली फ्लेक्सचं मशीन घरघरायचं,
आणि वर, माझ्या हाताखाली,
चहा दहा रुपये, वडापाव पंधरा,
प्लॅस्टिकची खुर्ची, दिवसाला सात.
दर सरकारी. संख्या आमची.

हजार खुर्च्यांच्या मी दोनशे करायचो.
त्याचं काही वाटायचं नाही.
शिंपी कापड बघून सदरा बेततो,
मी मर्यादा बघून सभा बेतायचो.

तपासणीच्या दिवशी समोरच्या बाकावर
दमयंती खळदकर.
वय एकाहत्तर, सहकारी बँकेत तीस वर्षं तपासनीस,
कुठल्याच पक्षाच्या नाहीत.
कापडी पिशवीत लाकडी पट्टी, चष्म्याची डबी, सुटे पैसे.
पानामागे रुपया भरून त्या माझ्या वहीची प्रत घ्यायच्या.
"सात छान काढता हो तुम्ही," एकदा म्हणाल्या,
"सगळे एकसारखे.
असे आकडे दिसले की आम्ही हिशोब दोनदा बघायचो."
मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

अकरा तारखेच्या पानावर मी एकच शब्द लिहिला होता.
निरंक.
त्यांनी त्या शब्दाखाली पट्टी ठेवली
आणि पिशवीतून शाळेची दोनशेपानी काढली.
अकरा तारीख, रात्री साडेआठ. धायरीच्या पुढचं मंगल कार्यालय.
दारावर फुलांची कमान, थर्माकोलची पाटी,
चि. आणि चि. सौ. कां.
मधे नावं नाहीत.
खुर्च्या सहाशे चाळीस. पंगती चार.
गाड्या एकोणनव्वद, पैकी एकोणीस बिननंबरी.
"नवरानवरी कोण होते?"

अधिकारी माझ्याकडे बघत राहिले.
मी तिसऱ्या पंगतीला जेवलो होतो.
मठ्ठा फार छान होता.

पैसे कुणाचे, तेही ठाऊक होतं.
पोतं नाही, बॅग नाही, सिनेमातलं काहीच नाही.
पांढऱ्या शर्टातला मऊ बोलणारा एक माणूस,
वाकून प्रत्येक पानाशी म्हणत होता, सावकाश होऊ द्या.
एका टेकडीची फाईल होती त्याची,
कुठल्याशा टेबलावर वर्षभर बसून.
पांढऱ्या पानात त्याला रकाना नव्हता.
गुलाबीत आम्ही लिहिलं होतं, स्वनिधी.
पिवळ्यात त्याची सावलीही पडली नाही.
मतदानाच्या दिवशी सगळ्या पेठांनी बोटाला शाई लावून घेतली,
त्याचं बोट कोरडं.
तो मतदारच दुसरीकडचा.

"लग्नच होतं," मी म्हणालो.
नोटीस निघाली. खुलासा गेला, माझ्याच अक्षरात.
खुलासा समाधानकारक, असा शेरा आला.
साहेब निवडून आले. मला नवीन स्कूटर.

मग एका सकाळी फिरायला गेलो
तर टेकडीला बगलेतून कापलेलं,
आत लाल-पिवळा मुरूम,
आणि पत्र्याच्या कुंपणावर फ्लेक्स: शुभेच्छुक.
त्यावर मात्र नाव होतं. फोटोसकट.
मी बराच वेळ ते अक्षर बघत उभा होतो.
आमच्याच खालच्या मशीनचं.

वहीत खाडाखोड चालत नाही.
चुकलेल्यावर आडवी रेघ मारायची, बाजूला सही करायची.
पण ती वही आता कार्यालयाच्या कपाटात,
आणि माझ्या सहीला तिथे कोण विचारतो.

यंदा मी बाकाच्या अलीकडे बसतो.
संध्याकाळी सभेच्या मागच्या टोकाला उभा राहून मोजतो,
ओठ हलतात, पोरं हसतात.
काल रात्री फोनवर आकडा सांगितला: तीनशे बारा.
"बसलेले की खुर्च्या?"
बसलेले, मी म्हणालो.
"मोकळ्याही मोजा," दमयंतीबाई म्हणाल्या.
"भाडं मोकळ्या खुर्चीचंही कुणीतरी भरतंच."
मी परत गेलो.
मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते.